चकमकीआधीची तार

[दृश्य: वर्सोवा, नाना-नानी पार्क. सकाळची वेळ.]

मुंबईच्या वर्सोवा भागातील हे नाना-नानी पार्क ज्येष्ठ नागरिकांसाठी राखलेले उद्यान आहे. ११ नोव्हेंबर २००६ च्या रात्री या उद्यानाजवळ पोलिसांशी झालेल्या चकमकीत रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभय्या ठार झाला, असे पोलिसांनी सांगितले. तो छोटा राजन टोळीचा हस्तक असल्याचा पोलिसांचा संशय होता. शहराने दुसऱ्या दिवशी ही बातमी वाचली आणि पान उलटले.

[दृश्य: ग्रंथालय. वृत्तपत्रांचे बांधीव खंड. बोट ओळींवरून सरकते.]

चकमकीच्या बातमीचा साचा मुंबईकरांना तोंडपाठ आहे. खबऱ्याकडून माहिती मिळते, पथक सापळा रचते, संशयिताला शरण येण्यास सांगितले जाते, तो पोलिसांच्या दिशेने गोळी झाडतो, पोलीस स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर देतात आणि रुग्णालयात नेल्यावर डॉक्टर त्याला मृत घोषित करतात. घटनास्थळी दुसरा साक्षीदार बहुधा नसतोच, त्यामुळे यातील प्रत्येक वाक्य पोलिसांनीच पुरवलेले असते. ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द मजकुरात कुठेतरी असतात. मथळ्यात मात्र ते उरत नाहीत. मथळा एवढेच सांगतो, की गुंड ठार झाला.

वडाळ्यात ११ जानेवारी १९८२ रोजी मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, तेव्हापासून मुंबईतील चकमकींचा इतिहास सांगण्याची रीत आहे. नव्वदच्या दशकात खंडणी आणि टोळीयुद्धाने हे शहर खरोखरच हैराण झाले होते. व्यापारी, बांधकाम व्यावसायिक, चित्रपट निर्माते धमकीच्या फोनखाली जगत होते, आणि त्या भीतीत पोलिसांची गोळी लोकांना न्यायासारखी वाटू लागली. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ हे पद पोलीस दलाच्या कोणत्याही नियमावलीत नाही. ते वृत्तपत्रांनी बहाल केले. कोणत्या अधिकाऱ्याच्या नावावर किती बळी, याचे आकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखे छापले गेले. मेलेल्या माणसाचे घर कोणते, त्याच्यावर कोणता गुन्हा सिद्ध झाला होता, त्याच्या मृत्यूची दंडाधिकारी चौकशी झाली का, या प्रश्नांना तेवढी जागा मिळाली नाही.

[दृश्य: वाशीतील रस्ता. त्यानंतर तार कार्यालयाची बंद खिडकी.]

लखनभय्याच्या बाबतीत मात्र एक कागद आडवा आला. त्या दिवशी दुपारी वाशीतून त्याला आणि त्याच्या एका मित्राला साध्या वेशातील माणसांनी उचलून नेले होते. लखनभय्याचा भाऊ वकील होता. खबर मिळताच त्याने धावपळ करून वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना फॅक्स आणि तारा पाठवल्या, आपल्या भावाला पळवून नेले आहे आणि त्याच्या जिवाला धोका आहे, असे कळवले. चकमक रात्रीची होती आणि या तारा तिच्या काही तास आधीच्या. ज्याला सापळा रचून पकडायला गेल्याचे पोलीस सांगत होते, तो माणूस दुपारपासूनच त्यांच्या ताब्यात होता, हे एका साध्या सरकारी शिक्क्यावरच्या वेळेने सांगितले. (देशातील तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आणि या खटल्याची शिक्षा त्याच आठवड्यात सुनावली गेली. हा योगायोग आम्हाला विसरता येत नाही.)

[दृश्य: मुंबई उच्च न्यायालय. जिने, व्हरांडा, फायलींचे गठ्ठे.]

पुढचा प्रवास न्यायालयाच्या जिन्यांवरचा आहे. भावाने उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाच्या आदेशाने झालेल्या दंडाधिकारी चौकशीचा अहवाल २००८ मध्ये आला. लखनभय्या पोलिसांच्या ताब्यात असतानाच मारला गेला, असा त्याचा निष्कर्ष होता. २००९ मध्ये न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले. मार्च २०११ मध्ये, साक्ष अवघ्या काही दिवसांवर आलेली असताना, लखनभय्याबरोबर उचलला गेलेला तो मित्र बेपत्ता झाला आणि पुढे मनोरजवळ त्याचा मृतदेह सापडला. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप सुनावली. त्यांपैकी १३ पोलीस होते. चकमकींसाठी नावाजलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा निर्दोष सुटले. १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने ती सुटका रद्द ठरवली आणि त्यांनाही जन्मठेप सुनावली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

[दृश्य: दिल्ली, सर्वोच्च न्यायालयाचा घुमट. निकालपत्राचे पान.]

त्या ९९ चकमकींबद्दलच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी निकाल दिला आणि १६ सूचना घालून दिल्या. चकमकीत मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवावा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकारी चौकशी व्हावी आणि घटनेनंतर लगेच संबंधितांना शौर्यपदक किंवा मुदतपूर्व बढती देऊ नये, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. चकमकीच्या किती बातम्यांत या सूचनांचा उल्लेख असतो, हे वाचकाने उद्याच्या वृत्तपत्रात स्वतः तपासून पाहावे, अशी आमची विनंती आहे.

[दृश्य: बदलापूर स्थानक, गर्दी. त्यानंतर मुंब्रा बायपास, रात्र.]

या निकालाला दहा वर्षे झाली त्याच दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला. त्याच्यावर दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराचा आरोप होता आणि त्यासाठी लोकांनी ऑगस्टमध्ये रेल्वे रोखून धरली होती. तो संताप खरा होता आणि न्याय्यही होता. त्या मुलींच्या आईवडिलांना खटला उभा राहिलेला पाहण्याचा हक्क होता आणि तो हक्क त्या गाडीत संपला. पोलिसांनी सांगितले, की आरोपीने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला. मुंबईत ‘बदला पुरा’ असे लिहिलेले फलक लागले आणि ते दिवसभर पडद्यावर फिरत राहिले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. पाच पोलिसांना त्याने मृत्यूस जबाबदार धरले होते. त्या अहवालासाठी कोणी फलक लावला नाही.

[दृश्य: उल्हासनगर, दफनभूमीचे फाटक. कॅमेरा स्थिर.]

आरोपीच्या मृतदेहाला जागा मिळत नव्हती. ठिकठिकाणी विरोध झाला आणि प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. २९ सप्टेंबर रोजी उल्हासनगरच्या या दफनभूमीत, खोदलेला खड्डा विरोधकांनी एकदा बुजवून टाकल्यानंतर, पोलीस बंदोबस्तात त्याला पुरण्यात आले.