पहिले सहा आठवडे, एकही मासा नाही

काचेची टाकी. तळाला पांढरी वाळू, मधोमध भोकाभोकांच्या दगडांची रास. पंप सुरू आहे, पाणी फिरतंय. मासा मात्र एकही नाही, आणि पुढचे चार ते सहा आठवडे येणारही नाही.

समुद्री मत्स्यालय मांडणाऱ्याला सगळ्यात जड जातो तो हाच काळ. पैसे खर्च झालेले असतात आणि घरातली मुलं रोज विचारतात, ‘मासे कधी आणायचे?’ तरीही थांबा. या रिकाम्या दिसणाऱ्या पाण्यात सध्या फार मोठं काम चाललंय.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. समुद्रात तो विरून जातो. इथे शंभर लिटर पाण्यात कोंडतो आणि माशाचे कल्ले जाळतो. त्यात समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४. पीएच जितका चढा, तितका अमोनियाचा जास्त भाग विषारी रूपात राहतो. गोड्या पाण्याच्या टाकीत निभावून गेलेली चूक इथे निभावत नाही, ती यामुळे.

यावर उपाय करतात ते जिवाणू. काही जण अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. ते राहतात दगडांच्या भोकांत, वाळूच्या कणांवर, फिल्टरमध्ये. त्यांची वाढ संथ असते. एकाचे दोन व्हायला त्यांना कित्येक तास, कधी दिवसही लागतो. त्यांना घाई करायला लावता येत नाही.

पण उपाशी ठेवूनही चालत नाही. म्हणून टाकीत थोडा अमोनिया किंवा चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं आणि टेस्ट किटनं पाणी तपासत राहायचं. आधी अमोनिया चढतो, मग उतरतो. त्यामागोमाग नायट्राइट चढतो, तोही उतरतो. दोन्ही शून्यावर आले, आणि पुन्हा टाकलेला अमोनिया चोवीस तासांत नाहीसा झाला, की टाकी तयार. मासे सोडून टाकी तयार करण्याची एक जुनी पद्धत आहे. ती वापरू नका. जिवंत प्राण्याचे कल्ले जाळून हे साधायचं काहीच कारण नाही.

मधेच वाळूवर तपकिरी थर दिसेल. ते डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ असतं. घाबरून सगळी टाकी धुवायला काढू नका. बहुतेकदा तो थर आपोआप ओसरतो.

आता पाण्याकडे वळू. आरओ-डीआय पाण्यात (म्हणजे गाळून क्षार जवळपास पूर्ण काढून टाकलेल्या पाण्यात) मत्स्यालयासाठीचं समुद्री मीठ विरघळवायचं, तेही वेगळ्या बादलीत. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमसारखी बरीच खनिजं असतात. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार, क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास, तापमान २५ अंश सेल्सिअस.

मग एक गोष्ट घडते आणि नवखा हमखास फसतो. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं. शंभर लिटरांतून पाच लिटर पाणी उडालं, तर ३५ ची क्षारता ३७ च्या घरात जाते. अशा वेळी मिठाचं पाणी घातलं तर ती आणखी चढते. भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ-डीआय पाण्याची, आणि रोज थोडी थोडी. लहान टाकीत हा हिशेब फार लवकर बिघडतो. त्यामुळे सुरुवातीला लहान टाकी सोपी, हा समज उलटा आहे.

पहिला मासा म्हणून क्लाउनफिश उत्तम, आणि तोही मत्स्यालयातच पैदास झालेला. त्याला समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोनी, ज्याच्या आसऱ्याला तो समुद्रात राहतो) लागतंच असं नाही. समुद्रफुलाला मुरलेली टाकी लागते, ते नंतर आणा. रंग पाहून मॅन्डरिन मासा घेऊ नका: त्याला सतत कोपेपॉड नावाचे बारीक जिवंत जीव खायला लागतात, आणि नव्या टाकीत तो बहुधा उपासमारीनं मरतो. ब्लू टँग मासाही लहान टाकीसाठी नको, तो वाढून तीस सेंटिमीटरपर्यंत जातो.

आणलेला मासा थेट मोठ्या टाकीत सोडायचा नाही. महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी असला, तर तो तिथेच उघडा पडतो. त्यावरचं तांब्याचं औषधही तिथेच वापरता येतं. मोठ्या टाकीत ते कोळंब्या, गोगलगायी आणि प्रवाळ मारून टाकतं.

शेवटी तो दिवस येतो. दिवे मंद केलेत. क्लाउनफिशची जोडी पाण्यात उतरते, थोडा वेळ कोपऱ्यात थबकते, मग दगडाच्या आडोशाला जाते. आज तिला त्रास द्यायचा नाही. उद्या सकाळी थोडं खाणं घालायचं, आणि पुन्हा एकदा अमोनिया तपासायचा.