सुरगाण्याचा लाल बावटा

(दृश्य : सकाळचं धुकं, घाटातून उतरणारी एसटी)

नाशिकहून दिंडोरी, वणी मागे पडलं की द्राक्षबागा संपतात. पुढे घाट लागतो, आणि डोंगरउतारावर नागली, वरई, भाताची खाचरं दिसू लागतात. हा सुरगाणा तालुका. कोकणा, महादेव कोळी, वारली यांचा मुलूख. पावसाळ्यात इथं पाऊस नुसता कोसळतो. ते पाणी नार-पार नद्यांमधून गुजरातकडे निघून जातं, आणि उन्हाळ्यात बायाबापड्या हंडा घेऊन दरीत उतरतात.

जीवा पांडू गावित याच मातीतले. १९७८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर ते सुरगाण्यातून पहिल्यांदा आमदार झाले. त्यानंतर वारे फिरले, सरकारं बदलली, राज्यात त्यांचा पक्ष आटत गेला. मधले पराभवही त्यांनी पचवले. पण पक्ष त्यांनी सोडला नाही, आणि डोंगरातल्या माणसांनी एकूण सात वेळा त्यांना विधानसभेत पाठवलं.

का पाठवलं, हे समजायचं तर इथल्या एखाद्या घरातलं गाठोडं सोडून बघावं.

(दृश्य : पिवळ्या पडलेल्या कागदांवरून फिरणारा म्हातारा हात)

या दंडाच्या पावत्या. बापजाद्यांपासून कसलेली जमीन, पण सातबाऱ्यावर नाव वनखात्याचं. मग नांगर धरला की गुन्हा, आणि गुन्हा झाला की दंड. माणसांनी दंड भरला, पावती घडी घालून जपून ठेवली आणि पुढच्या मृगाला पुन्हा पेरणी केली. २००६ साली वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचा पुरावा द्या, असं तो सांगत होता. तेव्हा हेच दंडाचे कागद कामाला आले! ज्या कागदानं चोर ठरवलं, त्याच कागदानं कसणारा ठरवलं. तरीही कित्येकांचे दावे फेटाळले गेले, कुणाला कसत होता त्यातल्या जेमतेम एका तुकड्याचाच पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, मिळाला. गावितांचं राजकारण या कागदांभोवती फिरत राहिलं.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेत सुरगाणा कळवणला जोडला गेला. २००९ मध्ये तिथं ए. टी. पवारांनी त्यांना हरवलं. २०१४ मध्ये गावितांनी त्यांनाच हरवून पुनरागमन केलं. २८८ जणांच्या सभागृहात त्यांच्या पक्षाचे ते एकटे आमदार. पण ज्येष्ठतेमुळे हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. नव्या विधानसभेच्या आमदारांना शपथ देण्याचं काम सुरगाण्याच्या या माणसानं केलं. मला तो प्रसंग फार मोलाचा वाटतो.

(दृश्य : सीबीएस चौक, लाल टोप्यांचा समुद्र)

६ मार्च २०१८. नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा, म्हणजे गावितांच्या पक्षाशी जोडलेल्या शेतकरी संघटनेचा, लाँग मार्च निघाला. मागण्या वनपट्ट्यांच्या, कर्जमाफीच्या, आणि नार-पारचं पाणी इथल्या शेताला मिळावं याच्या. वाट सुमारे १८० किलोमीटरची. आमदार गावित मोर्चासोबत होते. कसारा घाट उतरताना ती लाल रांग वळणावळणानं सरकत होती. डांबर तापलेलं, चपला तुटलेल्या, तळपायाची सालं निघालेली. कित्येक म्हाताऱ्या अनवाणीच चालत होत्या.

११ तारखेला मुक्काम सायनच्या सोमय्या मैदानावर होता. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा. सकाळी मोर्चा रस्त्यावर आला असता तर पोरं अडकली असती. म्हणून दिवसभर चाललेली ती माणसं रात्रीच उठली आणि पहाटेपूर्वी आझाद मैदानावर पोहोचली. त्यांच्या स्वतःच्या पोरांच्या शाळा डोंगरापल्याड होत्या. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिले. त्याच दिवशी सरकारनं लेखी आश्वासन दिलं.

२०१९ मध्ये कळवणमधून गावित पडले. आमदारकी गेली.

(दृश्य : दिंडोरी, मार्चमधलं ऊन)

मार्च २०२३. दिंडोरीहून पुन्हा लाल बावटा मुंबईकडे निघाला. मागण्यांच्या यादीत कांद्याचा भाव होता, आणि वनपट्टे अजून होतेच. वाशिंदपर्यंत मोर्चा आला, तिथंच मुक्काम पडला. माजी आमदार गावित या मोर्चाच्याही पुढे होते.