दाढेच्या मुळाशी

(पडद्यावर: निर्जंतुक पेटीतले उंदीर)

जन्मापासून एकाही जिवाणूशी गाठ न पडलेले हे उंदीर. अमेरिकेतल्या काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड या संशोधकांनी त्यांच्या दाढांना थेट नसेपर्यंत भोक पाडलं आणि ते उघडंच ठेवलं. आत अन्नाचे कण जाऊन बसले. साध्या उंदरांच्या दाढांनाही तसंच भोक पाडलं. निष्कर्ष १९६५ साली प्रसिद्ध झाले. साध्या उंदरांची नस सडली, मुळाशी गळू झालं. निर्जंतुक उंदरांची नस मात्र जिवंत राहिली, भोकावर नवं डेंटिनसुद्धा, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, धरू लागलं.

मुळाशी पू कशामुळे होतो, याचं इतकं स्वच्छ उत्तर तोवर मिळालं नव्हतं.

पुढे १९७६ मध्ये स्वीडनच्या योरान सुंडक्विस्ट यांनी मार लागून नस मेलेले, पण वरून अखंड दिसणारे दात तपासले. मुळाशी हाड झिजलेल्या जवळजवळ सगळ्या दातांत जिवाणू निघाले. हाड शाबूत असलेल्या दातांत एकही नाही. सापडलेल्या जिवाणूंपैकी ९० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनशिवाय जगणारे होते.

(पडद्यावर: एक्स-रे, मुळाच्या टोकाशी काळा डाग)

आता आपल्या दाढेकडे येऊ. रूट कॅनाल सुरू झालं, डॉक्टरांनी आत साफ केलं, आणि त्याच रात्री ठणका लागला. सकाळी गाल सुजलेला. पेशंटला वाटतं, डॉक्टरांनी काहीतरी बिघडवलं. ही भीती अगदी स्वाभाविक आहे, म्हणून आत काय घडतं ते नीट सांगायला हवं. साफ करायची बारीक सुई, म्हणजे फाइल, आत फिरताना सडलेला भाग आणि त्यातले जिवाणू थोडे मुळाच्या टोकाबाहेर ढकलले जाऊ शकतात. तिथे शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, रक्त आणि द्रव धावून येतो. भोवती कठीण हाड असल्यामुळे सुजेला पसरायला जागा नसते. दाब वाढतो आणि दाढ ठणकू लागते.

मग अनेक जण मेडिकलमधून अँटिबायोटिक आणतात. औषध रक्तातून पोहोचतं, आणि मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही. कॅनालच्या, म्हणजे मुळातल्या पोकळ नळीच्या, भिंतींना थर धरून बसलेले जिवाणू तिथेच राहतात. त्यांच्यावर उपाय म्हणजे दाढ पुन्हा उघडून हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुणं, साचलेला पू काढणं, सोबत वेदनाशामक. ताप आला, सूज पसरत चालली, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर अँटिबायोटिक हवंच, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा.

ठणका आला म्हणजे दात गेला, असं नाही. उपचार नीट पूर्ण केले तर अशा दाढाही बऱ्या होतात. खरी काळजी वाटते ती गोळीने सूज उतरल्यावर पुढच्या अपॉइंटमेंटला न येणाऱ्यांची. त्यांच्या मुळाशी जिवाणू अजून आहेत, आणि दाढ बंद करायला भरलेलं तात्पुरतं सिमेंट झिजलं की लाळेतून नवे येत राहतात.