मेलेल्या हिमनदीची पाटी लिहिणारा कादंबरीकार | आजचे आइसलँडिक लेखक

नमस्कार मंडळी!

ऑगस्ट २०१९. आइसलँडमध्ये शंभरेक माणसं एक डोंगर चढून गेली आणि वरच्या एका खडकावर त्यांनी धातूची पाटी बसवली. तिथे पूर्वी ‘ओक’ नावाची हिमनदी होती. तिचा बर्फ इतका पातळ झाला, की स्वतःच्या वजनाने सरकेनासा झाला. २०१४ साली तज्ज्ञांनी तिला हिमनद्यांच्या यादीतून काढून टाकलं. आता त्या पाटीवरचा मजकूर लिहायला कुणाला सांगितला असेल? एका लेखकाला. त्यांचं नाव आंद्री स्नाइर माग्नासोन.

(स्क्रीनवर पाटीचा फोटो)

मजकुराचा आशय असा: पुढच्या २०० वर्षांत आमच्या सगळ्या हिमनद्या याच वाटेनं जातील असा अंदाज आहे, काय घडतंय आणि काय करायला हवं हे आम्हाला ठाऊक आहे, ते आम्ही केलं की नाही, हे फक्त तुम्हालाच माहीत. खाली तारीख, आणि त्या वेळचं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण, दशलक्षात ४१५ भाग. हे पत्र आपल्यानंतरच्या माणसांना लिहिलंय. मला तरी इतक्या थोड्या ओळींत इतकं सांगणारा मजकूर सहसा भेटत नाही.

त्याच वर्षी आंद्री स्नाइर यांचं पुस्तक आलं, ‘ऑन टाइम अँड वॉटर’. त्यांची अडचण साधी आणि खरी आहे. ‘महासागरांचं आम्लीकरण’ असं कुणी म्हटलं की आपल्या कानावर नुसता आवाज पडतो, आत काही हलत नाही. विषयच इतका मोठा, की शब्द त्यात बुडून जातात. मग ते थेट विषयाला भिडतच नाहीत. आजूबाजूनं जातात: आजी-आजोबांच्या आठवणी, जुन्या पुराणकथा, दलाई लामांशी झालेलं बोलणं. त्यांचे आजी-आजोबा लग्नानंतर मधुचंद्राला कुठे गेले होते माहितीये? वात्नायोकुल या अवाढव्य हिमनदीवर, मोजणी करायला निघालेल्या मोहिमेबरोबर!

या पुस्तकातला एक प्रसंग नीट ऐका. आंद्री आपल्या दहा वर्षांच्या मुलीला गणित घालतात. पणजीचा जन्म १९२४ चा, ती आता ९४ वर्षांची. तू ९४ वर्षांची कधी होशील? मुलगी हिशेब करते: २१०२. तेव्हा तुझ्याही स्वयंपाकघरात दहा वर्षांची पणती बसली असेल असं समज. ती ९४ ची कधी होईल? २१८६. म्हणजे १९२४ ते २१८६, २६२ वर्षं. ज्यांना तू स्वतः ओळखतेस, ज्यांच्यावर माया करतेस, अशा माणसांचा हा काळ. ‘२१०० सालापर्यंत तापमान अमुक अंश वाढेल’ हे वाक्य यानंतर पुन्हा वाचून बघा. मला तर ते यानंतर पहिल्यांदा कळलं.

आपल्याकडचे धागेही या पुस्तकात आहेत. नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या प्राचीन पुराणात आउद्हुम्ला नावाची आदिगाय आहे, तिच्या आचळांतून दुधाच्या चार नद्या वाहतात. आंद्री तिचं नातं हिमालयाशी, बर्फातून निघणाऱ्या पवित्र नद्यांशी जोडून पाहतात. त्यांचे मामा जॉन थोर्ब्यारनारसोन मगरींचे जगप्रसिद्ध अभ्यासक होते. २०१० मध्ये मलेरियानं त्यांचं निधन झालं, तेही दिल्लीत.

बरं, हा देश केवढा? लोकसंख्या चार लाखांच्या आत. आपलं एकटं कोल्हापूर शहर त्याहून मोठं आहे. एवढ्याशा वाचकवर्गावर लेखक जगतो कसा? एक तर सरकारी कलावंत-वेतन मिळतं, अर्ज करून निवड झालेल्या लेखकांना ठराविक महिन्यांसाठी. दुसरं, नाताळला एकमेकांना पुस्तकं द्यायची पद्धत आहे, त्यामुळे वर्षातली बहुतेक पुस्तकं नाताळच्या आधीच्या काही आठवड्यांत बाजारात येतात. मला यातली पहिली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वाचनाचं प्रेम तर आपल्याकडेही आहे. लिहिण्यासाठी मोकळे महिने मात्र कुणी देत नाही.

आता योन कालमान स्तेफाउन्सोन. ‘हेवन अँड हेल’, मूळ २००७ चं. शंभरेक वर्षांपूर्वीचा वायव्य किनारा, वल्ह्यांची उघडी होडी, कॉड मासेमारी. बाउर्दुर नावाचा तरुण खलाशी पहाटे निघताना इंग्रज कवी मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यातल्या ओळी पाठ करायला मागे फिरतो, आणि त्या नादात समुद्रात घालायचा जाड अंगरखा घरीच विसरतो. समुद्रावर वादळ येतं, अंगावर उडालेलं पाणी गोठायला लागतं, आणि तो मित्रांच्या डोळ्यांदेखत थंडीनं मरतो. त्याचा जिवलग मित्र, ज्याला पूर्ण कादंबरीत ‘तो मुलगा’ एवढंच म्हटलंय, ते उसनं आणलेलं पुस्तक परत करायला डोंगर ओलांडून निघतो. कवितेनं एक जीव घेतला आणि तीच दुसऱ्याला चालतं ठेवते आहे. लेखक त्यावर निवाडा देत नाही, हे मला फार आवडतं.

ओइदुर आवा ओलाव्सदोत्तिर या लेखिकेची धाटणी वेगळी, आवाज हलका, बोलणं कमी. ‘मिस आइसलँड’मधली हेक्ला १९६३ मध्ये टाइपरायटर घेऊन राजधानी रेक्याविकला येते. तिला लेखिका व्हायचंय. भेटणारे पुरुष तिला सौंदर्यस्पर्धेत उतरायला सांगतात. या कादंबरीला २०१९ मध्ये फ्रान्सचा मेदिसी पुरस्कार मिळाला. त्याआधीच्या ‘हॉटेल सायलेन्स’मध्ये आयुष्य संपवायला निघालेला योनास युद्धानं मोडलेल्या देशात जातो, सोबत दुरुस्तीच्या अवजारांची पेटी आणि ड्रिल. तिथे नळ गळतायत, दारं लागत नाहीत, आणि हा दुरुस्त करत सुटतो. २०१८ चा उत्तर युरोपीय देशांचा नॉर्डिक कौन्सिल साहित्य पुरस्कार याच पुस्तकाला.

स्योन यांच्याबद्दल थोडक्यात: आइसलँडची गायिका ब्यर्क हिच्या काही गाण्यांचे गीतकार, ‘लॅम’ आणि ‘द नॉर्थमन’ या सिनेमांचे सहलेखक. ‘मूनस्टोन’ ही छोटी कादंबरी १९१८ च्या रेक्याविकची आहे: कात्ला ज्वालामुखी, स्पॅनिश फ्लू, आणि सिनेमाच्या पडद्यावर जीव टाकणारा एक पोरगा.

सगळी पुस्तकं इंग्रजीत मिळतात. सुरुवात ‘हॉटेल सायलेन्स’नं करा, ते छोटं आहे. योन कालमान यांचं पुस्तक मात्र रात्री सलग बसून वाचा. पहिली शंभर पानं मध्येच सोडू नका, होडी समुद्रात असताना तर मुळीच नाही.