कारण न सांगता ‘नको’

नमस्कार, श्रोतेहो.

आषाढ अमावास्या जवळ आली की आमच्या ठाण्यात येऊरच्या जंगलाच्या वाटेवर पहारा वाढतो. खरं तर ही दिव्यांची अवस. पितळी दिवे चिंचेनं घासून, पाटावर मांडून पुजायचा दिवस. आपण तिची गटारी केली, आणि तिथल्या ओढ्यांत फुटलेल्या बाटल्यांच्या काचा टाकून आलो. मला याचं फार वाईट वाटतं.

पण आज बोलायचंय ते मला आनंद देणाऱ्या एका गोष्टीबद्दल.

माझी भाची ऐरोलीत नोकरी करते. वय २४. मध्यंतरी तिच्या टीमची वाशीला पार्टी झाली. ती घरी आल्यावर मी विचारलं, ‘तू घेत नाहीस ना, मग काय कारण सांगितलंस?’ तिला माझा प्रश्नच कळेना. म्हणाली, ‘कारण कसलं, मामा? नको म्हटलं. लिंबू सोडा घेतला.’

श्रोतेहो, हे एवढं सोपं वाक्य आमच्या वयाच्या पुरुषांना कधी म्हणता आलं नाही. ‘बसू या का?’ असं कुणी विचारलं, की कशाला ते सांगावंच लागत नसे. आणि ज्याला बसायचं नसे, त्याला काहीतरी आड धरावं लागे. आज शनिवार आहे. श्रावण पाळतोय. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. देवाचं किंवा डॉक्टरांचं नाव घेतल्याशिवाय सुटका नव्हती. शनिवार नसला, की ‘आमच्याखातर एक तरी घे रे’ सुरू. हा आग्रह आम्ही प्रेमाचा समजत होतो. श्रीखंडाच्या वाटीचा आग्रह आणि हा आग्रह एकाच मापानं मोजत होतो. मनात नसताना, केवळ मित्राला वाईट वाटू नये म्हणून पहिला पेला उचललेले किती तरी जण मी पाहिलेत. त्यातल्या काहींचा तो पेला पुढे सुटला नाही.

आता पहाटे उपवनला किंवा पाम बीच रोडला धावणारी मुलं दिसतात. उद्या लवकर उठायचंय म्हणून रात्री घेत नाही, असं ती उघड सांगतात. त्यांना कुणी हसत नाही.

सगळीच मुलं अशी नाहीत, हेही मला दिसतं. ‘बिअरच तर आहे’ म्हणणारी पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एक हिशेब सांगतो. ६५० मिलीलिटरच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत ८ टक्के अल्कोहोल असेल, तर ते होतं सुमारे ४० ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलीलिटरच्या एका पेगमध्ये असतं साधारण १० ग्रॅम. म्हणजे एक बाटली, चार पेग. यकृताला एक पेग निपटायला तासभर तरी लागतो. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, कशानंही तो वेळ कमी होत नाही. आपल्या राज्यात बिअरसाठी वयाची अट २१ आहे आणि कडक दारूसाठी २५, म्हणून बिअर निरुपद्रवी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं, की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. त्यात बिअरही आलीच.

येत्या रविवारी ज्यांच्या घरी मंडळी जमणार आहेत, त्यांना माझी विनंती आहे. सोलकढी, कोकम सरबत आधी करून ठेवा. मुलांचं म्हणून स्वयंपाकघरात नको, सगळ्यांसोबत त्याच टेबलावर, तशाच ग्लासांत मांडा. ज्यानं तो ग्लास उचलला, त्याला ‘का रे?’ विचारू नका.

अमावास्येला भाची आमच्याकडे यायची आहे. कणकेचे गोड दिवे उकडायचे, गरम असतानाच वर तूप सोडायचं. तिच्या मैत्रिणींनाही बोलावलंय.