अर्जात नसलेला प्रश्न

(दृश्य: यवतमाळ जिल्हा. तहसील कार्यालयाचा व्हरांडा.)

शेतकऱ्यानं आत्महत्या केली की फाइल तयार होते. सातबारा, बँकेची थकबाकी, पंचनामा. प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर घरच्यांना सरकारी मदत 1 लाख रुपये, नाहीतर ‘अपात्र’. माणसाला किती रात्री झोप नव्हती, हे त्या अर्जात कुणी विचारत नाही.

2022 साली देशात 1 लाख 70 हजारांवर लोकांनी आत्महत्या केली. दहात सात पुरुष. शेतीवर पोट असलेले 11 हजारांवर, आणि त्यात सर्वाधिक महाराष्ट्रातले.

नापिकी, कर्ज खरंच आहे. पण त्याच घरात आजारपण असतं, भावकीचा वाद असतो, दारू असते. सगळा दोष कर्जावर टाकला की बाकीचं दिसत नाही.

(दृश्य: चहाची टपरी.)

बाई निदान बहिणीजवळ रडते. बाप्या चिडतो, गप्प होतो, पिणं वाढवतो. घरचे म्हणतात, “याचं डोकं फिरलंय.” मग एक दिवस तो उधारी मिटवायला लागतो, मित्राला म्हणतो, “माझ्यामागं पोरांकडं बघजो.” हे हसण्यावारी नेऊ नका.

सरळ विचारा: “जीव द्यायचं मनात येते का गा?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट सांगायला वाट मिळते. तो बोलला तर “हिंमत धर, मर्द आहेस ना?” एवढं मात्र म्हणू नका. तिथंच तो पुन्हा गप्प होतो. ऐका. त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घराबाहेर कुलुपात, किल्ली दुसऱ्याकडं. टोकाची ती वेळ बऱ्याचदा थोडीच असते, ती टळली पाहिजे.

पोलीस केस होईल म्हणून घरचे आत्महत्येचा प्रयत्न लपवतात. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं; त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे असतात.

टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन: 14416. फुकट, चोवीस तास, मराठीतून. नंबर देऊन मोकळे होऊ नका, शेजारी बसून तुम्हीच लावा. धोका समोर दिसत असेल तर 112.

जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरकडं पहिल्या खेपेला सोबत जा. नैराश्याच्या गोळ्या लागू पडायला दोन-चार आठवडे जातात. तेवढ्यात “काही फरक नाही” म्हणून तो सोडू पाहील, तेव्हा दुसऱ्या खेपेलाही मोटारसायकल तुम्हीच काढा.