हे बाक कुणाचं?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात आर्च स्ट्रीटवर क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं सभागृह आहे. दोनशेहून अधिक वर्षांचं, विटांचं, अगदी साधं. आत मूर्ती नाही, क्रूस नाही, प्रवचन नाही. लोक लाकडी बाकांवर तासभर मौन धरून बसतात. प्रत्येकाच्या अंतरी देवाचा प्रकाश असतो, ही त्यांची श्रद्धा. कुणाला आतून वाटलं तर तो उठून चार शब्द बोलतो आणि पुन्हा बसतो.

याच सभागृहात काळ्या लोकांसाठी वेगळं बाक होतं. सारा मॅप्स डग्लस ही शिक्षिका लहानपणी आईबरोबर तिथे बसायची. तिने १८३७ साली एका पत्रात लिहून ठेवलं आहे, की बाकाच्या दोन्ही टोकांना एकेक क्वेकर बसायचा, कुणी गोरं माणूस चुकून तिथे टेकू नये म्हणून. ‘हे बाक काळ्यांचं’ हे शब्द एकाच सभेत तिच्या कानांवर पुन्हा पुन्हा पडायचे. आणि हे करणारे कोण, तर गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना १७७६ मध्येच समाजाबाहेर काढणारे लोक! मला हे सांगताना जड जातं, कारण गेली काही वर्षं मी आमच्या गावातल्या क्वेकरांच्या मौनात बसते आणि या लोकांवर माझं प्रेम आहे.

१७७६ पर्यंत पोचायलाही त्यांना ८८ वर्षं लागली. फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनच्या चौघांनी १६८८ मध्येच गुलामगिरीविरुद्ध अर्ज लिहिला होता. तो वरच्या सभांकडे गेला आणि बाजूला पडला. क्वेकर मतदान घेत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबतात. रीत सुंदर आहे. पण त्या थांबण्याची किंमत कोण मोजत होतं? बेंजामिन ले हा क्वेकर मात्र थांबला नाही. १७३८ मध्ये त्याने भर सभेत तलवार काढून पोकळ केलेल्या पुस्तकात खुपसली. आत रानफळांचा लाल रस भरलेली पिशवी होती. तो रस त्याने गुलाम बाळगणाऱ्यांवर उडवला. समाजाने त्यालाच बाहेर काढलं.

जॉन वुलमन या दुसऱ्या क्वेकराची तऱ्हा निराळी होती. तरुणपणी तो एका दुकानात कारकून होता. मालकाने एक काळी स्त्री विकली आणि विक्रीचा कागद लिहायला त्याला सांगितलं. मन खात होतं, तरी त्याने लिहिला. मात्र ती बोचणी त्याने दाबून टाकली नाही. पुढे तो गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरोघरी जाऊन त्यांची समजूत घालत राहिला, आणि ज्या घरी मुक्काम केला तिथल्या गुलामांना त्यांच्या कष्टाचे पैसे देऊ लागला. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकन सज्जनांना अर्पण केली, त्यांच्या चळवळीला ही पार्श्वभूमी होती.

आमच्याकडे एका रविवारी मौनाआधी एक प्रश्न वाचला गेला: ‘गोरेपणामुळे मला न मागता काय मिळालं?’ याचं उत्तर लगेच द्यायचं नसतं, प्रश्न घेऊन बसायचं असतं. बऱ्याच वेळाने एक आजोबा उठले. म्हणाले, ‘युद्धावरून आल्यावर वडिलांनी सरकारी हमीच्या कर्जावर घर घेतलं. त्या वसाहतीत काळ्यांना घर विकत नसत. त्याच घराच्या पैशांवर मी शिकलो.’ एवढं बोलून ते बसले.

मी गोरी नाही, तेव्हा हा प्रश्न आपला नाही असं मला वाटत होतं. पण घर शोधताना ‘तिकडे नको, एरिया बरा नाही’ हे मीच म्हटलं होतं, आणि त्याचा अर्थ मला पक्का माहीत होता. ज्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या रेट्यात १९६५ चा स्थलांतराचा कायदा झाला आणि आपल्याला या देशाचं दार उघडलं, तो लढा त्याच वस्त्यांमधल्या लोकांनी लढला होता.

मग आजोळची कपबशी आठवली. मागच्या दारी, कोनाड्यात उपडी ठेवलेली, कान तुटलेली. अंगण झाडायला येणाऱ्या बाईंना त्यातच चहा मिळायचा. आजी वरून ओतायची, कप कपाला लागू नये म्हणून. आम्ही मुलं ते बघत पायरीवर बसलेलो असायचो, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे.

वुलमनच्या रोजनिशीत त्या विकलेल्या स्त्रीचं नाव नाही. त्या रात्री मी आईला फोन केला आणि विचारलं, ‘आजीकडे झाडायला यायच्या, त्यांचं नाव काय गं?’

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘थांब, मामाला विचारते.’

मामालाही आठवलं नाही.